भाता आणि बंद खोली

लोहाराचा भाता आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. आपली छातीही तशीच चालते. बरगड्या वर उचलल्या जातात, खालचा पडदा सरकतो आणि हवा फुफ्फुसात ओढली जाते. पण भात्याच्या कातड्याला भोक पडलं तर? छातीच्या भिंतीला भगदाड पडलं की हवा भलत्याच वाटेनं आत शिरते आणि फुफ्फुस मिटून जातं.

छातीच्या भिंतीचा कर्करोग, म्हणजे बरगडीच्या हाडातून किंवा कूर्चेतून वाढणारी गाठ, तसा दुर्मीळच. त्यातली कूर्चेची गाठ औषधांना आणि किरणोपचारांना आजही फारशी दाद देत नाही. भोवतालच्या निरोगी भागासह, बरगड्यांसकट ती कापून काढावी लागते. म्हणजे भगदाड आलंच! एकोणिसाव्या शतकातल्या सर्जनचा हात अडखळे तो या हवेच्या भीतीनं.

१८९८ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. पॅरम यांनी छातीच्या भिंतीतला सार्कोमा काढताना चक्क भाता वापरला. अफूच्या विषबाधेनं श्वास मंदावलेल्यांसाठी डॉ. फेल यांनी भाता वापरात आणला होता, तर घटसर्पानं गुदमरणाऱ्या मुलांसाठी डॉ. ओड्वायर यांनी घशात बसवायची नळी केली होती. या दोन्ही जोडल्या, की छाती उघडी असतानाही फुफ्फुस फुगवत ठेवता येई. त्याच शहरातल्या डॉ. मॅटस यांनी १८९९ मध्ये या पद्धतीची जोरदार शिफारस केली.

युरोपनं मात्र निराळी वाट धरली. ब्रेस्लाऊ शहरात (आता ते पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) तरुण झाउअरब्रुख यांनी १९०४ मध्ये बंद खोलीच उभी केली. रुग्णाचं डोकं बाहेर, धड आत, सर्जनही आत, आणि आतली हवा पंपानं विरळ केलेली. गुरू मिकुलिच यांच्यापुढचा पहिला प्रयोग गळतीमुळे फसला, प्राणी दगावला आणि गुरुजी भडकले. पुढे खोली यशस्वी ठरली, तिचा बोलबालाही झाला. मला वाटतं, त्या बोलबाल्यातच भात्याची साधी युक्ती झाकली गेली. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेल्त्सर आणि आउअर यांनी श्वासनलिकेत नळी घालून हवा सोडण्याची रीत मांडली, तेव्हा कुठे वारं फिरू लागलं.

आज श्वास यंत्र सांभाळतं. बरगड्या काढलेल्या मोठ्या पोकळीवर सर्जन प्लॅस्टिकची जाळी ताणून बसवतात. कित्येकदा जाळीच्या दोन थरांमध्ये सिमेंटही भरतात. दातांच्या कवळीत असतं, त्याच जातीचं.