सोळा मोनची दुपार : एदोच्या टपऱ्यांपासून महापेच्या डब्यांपर्यंत

महापेच्या औद्योगिक वसाहतीत दुपारी एकच्या सुमारास अनेक तऱ्हांची जेवणे एकाच रस्त्यावर येतात. घरून आणलेला डबा, पोळीभाजी केंद्रातली थाळी, टपरीवरचा वडापाव. आणि मिलेनियम बिझनेस पार्कसारख्या संकुलांच्या फाटकाशी दुचाकीवरून उतरणारी कागदी पुडकी. त्या पुडक्यांत हल्ली कधी सुशी असते, कधी रामेन, कधी भातावर ओतलेली जपानी करी. या सगळ्यांत जपानी जेवण महाग, आणि ते मागवणे हे थोडेफार प्रतिष्ठेचेही लक्षण. इतिहासात डोकावले तर मात्र हा क्रम उलटा लागतो. सुशी, सोबा, ग्यूदोन हे पदार्थ वाढले ते घाईत असलेल्या, घरापासून दूर एकट्याने राहणाऱ्या, खिशात मोजकी नाणी असलेल्या माणसांच्या जिवावर. हा धागा त्या जेवणाचा, आणि ‘घाईची दुपार’ महापेत आली कशी याचाही.

सुरुवात एदोपासून करावी लागते. एदो म्हणजे आजचे टोकियो. १६०३ मध्ये तोकुगावा इयेयासू शोगुन झाला आणि खाडीकाठची ही वस्ती सत्तेचे केंद्र बनली. १६३५ मध्ये शोगुनशाहीने सरदारांवर एक बंधन घातले: आलटून पालटून ठरावीक काळ एदोत राहायचे आणि बायकामुले कायमची एदोत ठेवायची. सरदारांवर वचक राहावा हा त्यामागचा हेतू. परिणाम मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. प्रत्येक सरदारामागे शिपाई, कारकून, नोकर यांचा ताफा येई, आणि त्या ताफ्यातल्या बहुतेकांची कुटुंबे गावीच राहत. १६५७ च्या मेइरेकी आगीत निम्म्याहून अधिक शहर जळाले. ते पुन्हा उभारायला सुतार, गवंडी, हमाल यांची रीघ लागली. १७२१ च्या गणतीत एदोच्या सामान्य नागरिकांची संख्या ५ लाखांच्या वर भरली. त्यांत पुरुष सुमारे ३ लाख २३ हजार आणि स्त्रिया सुमारे १ लाख ७८ हजार. सामुराई या गणतीत धरलेलेच नव्हते.

एवढे पुरुष, लहानशा लाकडी खोल्या, चुलीला जागा नाही आणि आगीची कायमची धास्ती. अशा शहरात जेवण रस्त्यावर येणे अटळ होते. तेंपुरा तर उघड्यावरच तळला जाई, कारण लाकडी घरात उकळत्या तेलाची कढई ठेवणे म्हणजे दुसऱ्या आगीला आमंत्रण. सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, खांद्यावरच्या कावडीत चूल आणि भांडी घेऊन फिरणारे विक्रेते विकत. वाडग्याचा भाव दीर्घकाळ १६ मोन राहिला. मोन हे तांब्याचे चिल्लर नाणे. या सोळा मोनांवर जपानी कथाकथनात, म्हणजे ‘राकुगो’त, एक गंमतीदार गोष्ट आहे: ‘तोकि-सोबा’. एक चलाख गिऱ्हाईक नाणी मोजता मोजता आठ झाल्यावर मध्येच विचारते, किती वाजले? विक्रेता म्हणतो, नऊ. गिऱ्हाईक पुढे दहापासून मोजते आणि एक मोन वाचवते. हे पाहणारा एक बावळट दुसऱ्या दिवशी तीच युक्ती करायला जातो, पण जरा लवकर. तेव्हा वाजलेले असतात चार. त्यामुळे तो आठानंतर पुन्हा पाच, सहा असे मोजत जातो आणि उलट जास्तच पैसे देऊन बसतो. दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या एका वाडग्यासाठी एका नाण्याची चोरी करावीशी वाटणे, यातच गिऱ्हाइकाची ऐपत कळते.

सुशीची कथा याहून बोधक. मूळची सुशी हा झटपट पदार्थ नव्हताच. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवायचा; भात आंबून मासा टिकायचा; खाताना भात बहुधा फेकून द्यायचा. म्हणजे मासा टिकवण्याची ती एक रीत. पुढे आंबण्याची वाट पाहण्याऐवजी भातात सिरका घालण्याची पद्धत रुळली. १८०४ मध्ये हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या मद्य-व्यावसायिकाने साके गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून स्वस्त तांबूस सिरका करायला सुरुवात केली आणि तो जलमार्गाने एदोत पोहोचला. १८२० च्या दशकात र्योगोकु भागातल्या हानाया योहेई याने सिरक्याच्या भाताचा मुटका हाताने दाबून त्यावर माशाचा तुकडा ठेवण्याची रीत लोकप्रिय केली असे मानले जाते. महिन्यांचे काम क्षणांवर आले. त्या काळचा मुटका आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असे. उभ्याने दोन-तीन खाल्ले की माणूस पुन्हा कामाला जाई.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सुशी म्हणजे कच्चा मासा, ही समजूत त्या टपरीला लागू पडत नाही. बर्फ नव्हता. त्यामुळे ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवत, कोहादा नावाचा लहान मासा मीठ आणि सिरका लावून ठेवत, सागरी वाम शिजवून घेत. ट्यूनाचा चरबीयुक्त भाग, जो आज सर्वांत महाग, तो टिकत नसल्याने कवडीमोल होता. सुकट, जवळा आणि वाळवलेले बोंबील ज्या समाजाने वर्षभर पुरवले, त्या ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांना हे शहाणपण मुळीच परके वाटले नसते.

पण या शहरी जेवणाची किंमत केवळ मोनमध्ये मोजली गेली नाही. एदोत पांढरा, पॉलिश केलेला भात हे गरिबालाही परवडणारे सुख होते. गावाकडे भरड धान्य खाणारा मजूर शहरात येऊन पोटभर पांढरा भात आणि जोडीला लोणचे खाई, आणि काही महिन्यांत त्याचे पाय सुजत, बधिर होत. गावी परतला की बरा होई. लोकांनी या व्याधीला ‘एदोचा आजार’ असेच नाव दिले. तो बेरीबेरी होता: तांदळाच्या कोंड्याबरोबर जाणाऱ्या ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. जपानी आरमाराला त्याने जेरीस आणले. ‘र्यूजो’ या जहाजाच्या १८८२-८३ च्या सफरीत ३७६ खलाशांपैकी १६९ आजारी पडले आणि २५ मेले. आरमाराचा वैद्य ताकाकी कानेहिरो याने आहारावर बोट ठेवले. कारणाविषयी त्याचा तर्क प्रथिनांचा होता, म्हणजे चुकीचा. उपाय मात्र लागू पडला. १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ जहाज साधारण त्याच मार्गाने मांस, पाव, धान्य असा बदललेला आहार देऊन पाठवले गेले आणि बेरीबेरीने एकही खलाशी दगावला नाही.

खलाशांना मांस-भाजी खायला लावण्यासाठी जे पदार्थ आरमाराने उचलले, त्यांत ब्रिटिशांकडून आलेली करी होती. मैद्याने दाट केलेला रस्सा, मांस, भाजी, खाली भात. १९०८ च्या आरमारी पाकपुस्तकात तिची कृती आहे. पुढे कारखान्यांनी तिला झटपट केले: मसाल्याची भुकटी, रश्श्याच्या वड्या, आणि १९६८ मध्ये उकळत्या पाण्यात पाकीट बुडवून तयार होणारी ‘बॉन करी’. भारतातून इंग्लंडला, तेथून जपानला आणि आता ‘जपानी’ म्हणून महापेला. मुंबई बंदरातून हिने किती वळसा घेतला, हे पुडके उघडताना कोणाच्या लक्षात येत असेल, ही शंकाच आहे.

मेइजी काळात घाई वाढली ती रेल्वेमुळे. आपली मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ची, जपानची पहिली १८७२ ची. दोन्हीकडे इंग्रज अभियंते. १८८५ मध्ये उत्सुनोमिया स्थानकावर बांबूच्या सालीत गुंडाळलेले भाताचे दोन मुटके आणि मुळ्याचे लोणचे विकले गेले. स्थानकावरच्या डब्याची, ‘एकिबेन’ची, ही सुरुवात मानली जाते. पाचच वर्षांनी, १८९० च्या सुमारास, महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोहोचवण्याचे काम संघटित केले, असे सांगितले जाते. फरक लक्षणीय आहे. जपानमध्ये प्रवाशाला डबा मिळाला. मुंबईत डबाच प्रवासी झाला. कारण मुंबईकराला घरचेच हवे होते. जात, सोवळेओवळे, मांसाहार-शाकाहार यांच्या भिंती इतक्या उंच होत्या, की अनोळखी हातचे खाण्यापेक्षा मावळ-खेड-जुन्नरच्या माणसाने घरचा डबा वीस-तीस मैल वाहून आणणे सोपे ठरले.

बाकी साम्य थक्क करणारे आहे. १९११ आणि १९२१ च्या जनगणनांत मुंबईत हजार पुरुषांमागे सहाशेहून कमी स्त्रिया होत्या. एदोसारखेच हेही एकट्या पुरुषांचे शहर. फक्त येथे टपरीपेक्षा गिरणगावातली खानावळ मोठी ठरली, आणि ती चालवणाऱ्या बायका होत्या. स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. सुशीच्या इतिहासात योहेईचे नाव आहे. गिरणगावच्या खानावळवाल्यांपैकी किती जणींची नावे कोणाला सांगता येतील? एदोतही टोपल्या भरणारे, भात धुणारे हात कोणाचे होते, याची नोंद फारशी नाहीच.

महापेत अशी घाई पूर्वी नव्हती. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर, मधल्या पट्टीत भातशेती, खाडीलगत खारजमीन आणि मिठागरे. खाऱ्या जमिनीतही तग धरणारा ‘राता’ भात या किनारपट्टीचाच. दुपारचे जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि ओले नाहीतर सुके मासे. भात आणि मासा: घटक एदोचेच, पण घड्याळ नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात ठाणे-बेलापूर पट्टा औद्योगिक क्षेत्र झाला. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको आली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांचे भवितव्य बदलले. भाताची खाचरे भूखंड झाली. भूसंपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा हे तत्त्व त्या रक्तातून आले. महापेच्या दुपारचा इतिहास लिहायचा तर तो येथून लिहावा लागतो: ज्या जमिनीने जेवण पिकवले, तिच्यावरच जेवणाची सुट्टी देणारे भोंगे वाजू लागले.

या भोंग्याशी जपानी जेवणाची पुढची पायरी जुळते. १८९९ मध्ये टोकियोच्या निहोनबाशी मासळी बाजारात ‘योशिनोया’ सुरू झाले. भातावर शिजवलेले गोमांस, हमालांसाठी, क्षणात. १९५८ मध्ये ओसाकाजवळ शिराइशी योशियाकी याने बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून सुशीच्या ताटल्या पट्ट्यावर फिरवल्या. त्याच वर्षी मोमोफुकु आंदो याने झटपट रामेन बाजारात आणले, १९७१ मध्ये ते पेल्यात भरले. कारखान्यातल्या माणसासाठी जन्मलेले जेवण आता स्वतःच कारखान्यासारखे तयार होऊ लागले. भारतात ‘टॉप रामेन’ १९९१ चे. महापेतल्या रात्रपाळीच्या एखाद्या अभियंत्याने खाल्लेले पहिले जपानी जेवण बहुधा हेच असेल, सुशी नव्हे.

महापेला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. घणसोली आणि कोपरखैरणे ही जवळची, आणि ठाणे-वाशी लोकलच २००४ मध्ये आली. मुंबईच्या डब्याची साखळी लोकलच्या डब्यावर उभी असल्याने येथे ती तशी फुलणे अवघडच होते. ती जागा आधी टपऱ्यांनी भरली आणि आता दुचाकीवरच्या तरुणांनी. एदोच्या कावडीवाल्याचे हे वंशज. खांद्यावरची चूल गेली, पाठीवर चौकोनी पिशवी आली, आणि दर फेरीमागे मिळणाऱ्या पैशांचा हिशेब अजूनही नाण्यानाण्याने करावा लागतो. त्याच्या पिशवीतली सुशी त्याच्या जेवणापेक्षा कितीतरी महाग असते. १८३० मध्ये सुशी विकणारा तीच सुशी खाऊ शकत होता.

दरम्यान जपान महापेच्या शेजारी आणखी एका वाटेने आला आहे, तोही जमिनीखालून. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंत जातो, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीच्या तळाखालून. तंत्र शिंकान्सेनचे, कर्ज जपानचे. त्यातला घणसोली-शिळफाटा हा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला.