बदकाचा तळवा आणि त्याखालची जमीन

बदक लंगडायला लागलं की आपण ते पंखांखालून धरून उचलतो आणि तळवा बघतो. मधोमध काळसर खपली, भोवती सूज, हात लावला तर गरम. माणसाच्या पायाला कुरूप होतं तसंच दिसतं, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला कुरूपच म्हणतात. इंग्रजीत बंबलफूट. पण कुरूप म्हणजे नुसती कडक झालेली कातडी. इथे आत जंतू शिरलेला असतो, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर तो सांध्यात आणि हाडात उतरतो. मग अंडी थांबतात, खाणं कमी होतं, आणि एका जागी बसून बसून बदक जातं.

औषध कोणतं, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. त्यावर लिहितोच, पण खाली. आधी थोडा इतिहास, कारण हा आजार किती जुना आहे आणि कुठे कुठे दिसला हे बघितलं की औषधाआधी काय करायचं ते आपोआप कळतं. शिकारी बाज पाळणाऱ्यांना तो मध्ययुगापासून माहीत होता. त्यांच्या लॅटिन पोथ्यांत बाजाच्या पायाच्या सुजेला माणसाच्या संधिवाताचंच नाव दिलेलं आहे, पोडाग्रा. रानात उडणाऱ्या बाजाला ही सूज क्वचित येते. दिवसभर एकाच ठोकळ्यावर बांधून बसवलेल्या बाजाला येते. म्हणजे पक्षी तोच, बदललं ते पायाखालचं.

बदकाचा पाय तर मुळात चालण्यासाठी झालेलाच नाही. संस्कृतात अशा पक्ष्यांना जालपाद म्हणतात, बोटांमध्ये जाळं असलेला. (आपला ‘बदक’ हा शब्द मात्र फारसीतून आला.) ते जाळं पाणी मागे ढकलायला आणि चिखलात न रुतायला. तळव्याची कातडी मऊ, त्याखाली गादी पातळ. कोंबडीसारखं खडबडीत जमिनीवर दिवसभर उकरत हिंडणं हे त्याचं काम नव्हे. अर्धा दिवस पाण्यात वजन तरंगतं आणि तळव्याला विश्रांती मिळते, असा निसर्गाचा हिशेब.

हा हिशेब ज्याला नीट कळला होता असा एक शेतकरी दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला, कोलुमेल्ला. स्पेनमधल्या आजच्या कादिसचा, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. शेतीवर त्याने लॅटिनमध्ये 12 भाग लिहिले. त्यातल्या आठव्या भागात बदकांसाठी खास आवार कसं बांधायचं ते सांगितलं आहे. भोवती 15 फूट उंच भिंत, आतून-बाहेरून गुळगुळीत गिलावा, म्हणजे मांजर आणि साप चढणार नाही. वरून जाळी. मधे दोन फूट खोल तळं. तळ्याच्या काठाला उतार, म्हणजे पक्षी किनाऱ्यावरून उतरावं तसा हळूहळू पाण्यात जाईल, उडी मारावी लागणार नाही. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट: तळ्याच्या चारही बाजूंना 20 फूट गवत. त्यापलीकडे भिंतीला लागून अंडी घालायचे फूटभराचे कप्पे.

आता हे वाचताना आपलं खुराडं डोळ्यांपुढे आणा. कोलुमेल्लाने तळव्याच्या फोडाबद्दल काही लिहिलेलं मला दिसलं नाही. पण पाण्यातून निघालेला ओला, मऊ झालेला तळवा पहिली 20 फूट गवतावरच पडेल अशी सोय त्याने केली होती. ओली कातडी आणि खरखरीत जमीन यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढं एक साधलं तरी निम्मं काम होतं. त्याची बदकं फारशी माणसाळलेलीही नव्हती. रानबदकांची अंडी गोळा करून कोंबडीखाली उबवा, असा त्याचा सल्ला आहे. तरीही जमिनीचा विचार एवढा!

पुढची गोष्ट इंग्लंडची, आणि ती हंसांची आहे, पण पाय तोच. रेल्वे नव्हती तेव्हा नॉरफोकमधून लंडनच्या बाजारात हंस चालवत न्यायचे. डॅनियल डीफोने 1720 च्या दशकात छापलेल्या प्रवासवर्णनात याची नोंद आहे. एका कळपात हजार-दोन हजार पक्षी. ऑगस्टमध्ये निघायला सुरुवात, आणि ऑक्टोबरअखेर बंद. का बंद? तर पुढे रस्त्यात चिखल इतका दाट होतो की त्यांचे रुंद पाय आणि आखूड तंगड्या चालू शकत नाहीत. म्हणजे मऊ चिखल चांगला, पण चिकट, खोल चिखल वाईट, हेही तेव्हाच्या माणसांना ठाऊक होतं. एवढ्या लांबच्या वाटेसाठी हंसांना आधी पातळ डांबरातून आणि मग वाळूतून चालवत, म्हणजे तळव्याला जोड्यासारखा थर बसे, असं परंपरेने सांगतात. बैलाला नाल ठोकतो तशातलाच प्रकार. कुणी आज करून बघू नये, डांबराने कातडी भाजते. पण कडक रस्त्यावर पाणपक्ष्याचा तळवा टिकत नाही, हे त्या मेंढपाळी करणाऱ्यांनी, हंसपाळी म्हणू हवं तर, ओळखलं होतं.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कोंबड्यांची प्रदर्शनं सुरू झाली आणि वजनाची हौस वाढली. त्या काळच्या पुस्तकांत डॉर्किंग जातीच्या तळव्याच्या सुजेची तक्रार वारंवार येते. डॉर्किंग म्हणजे पाच बोटांची, अंगाने जड कोंबडी. कारण दिलं जाई ते असं: जड पक्षी उंच दांडीवरून कडक जमिनीवर उडी मारतो. जमिनीनंतर दुसरा मुद्दा आला, वजन.

बदकांत हे वजन आलं ते चीनमधून. 1873 साली पेकिन जातीची बदकं जहाजाने अमेरिकेला गेली. निघाली तेव्हा 25 होती, पोचली 9. त्या नऊंवर पुढे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा मोठा धंदा उभा राहिला. आज पेकिन तीन-साडेतीन किलोच्या पुढे जातं, आणि तेही काही आठवड्यांत. उलट 1901 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी खाकी कॅम्पबेल काढलं ते अंड्यांसाठी. ते दोन-सव्वादोन किलोचं, चपळ. एकाच कोब्यावर दोन्ही जाती ठेवल्या तर आधी कोण लंगडेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मटणासाठी पेकिन पाळणाऱ्यांनी जमिनीकडे दुप्पट लक्ष द्यायला हवं, ते यामुळे.

आपल्या देशात बदकांचा खरा मुलूख पूर्वेला आणि दक्षिणेला. केरळातल्या कुट्टनाडमध्ये भात कापून झालं की कळपच्या कळप त्या खाचरांत सोडतात आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात नेतात. दिवसभर पायाखाली पाणी आणि गाळ, खायला सांडलेलं भात आणि गोगलगायी. तिथल्या चारा आणि चेंबल्ली या जाती अशा जगण्यात घडल्या. आपल्याकडे हौसेने आणलेलं बदक येतं ते अंगणात: सिमेंटचा कोबा, नाहीतर कोकणात जांभ्याची खरबरीत चिऱ्याची जमीन, आणि पाण्याला एक टोपलं. पूर्वज चिखलात आणि हा चिऱ्यावर. तळवा कातला जातो, आणि विष्ठेने ओली झालेली जागा जंतूला दार उघडून देते.

आता जंतूबद्दल. स्कॉटलंडमधल्या अॅबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी 1880 च्या सुमारास माणसांच्या गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात गोल गोल जंतूंचे झुबके दिसले, द्राक्षाच्या घडासारखे. म्हणून नाव ठेवलं स्टॅफायलोकोकस, ग्रीकमध्ये स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घड. बदकाच्या तळव्यात बहुतेक वेळा सापडतो तो याच घराण्यातला, स्टॅफायलोकोकस ऑरियस. हा आपल्या नाकात, हातावरही असतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ब्रॉयलर कोंबड्यांतल्या या जंतूचे वंश तपासले. बरेचसे नमुने माणसातून कोंबडीत उडी मारलेल्या एकाच वंशाचे निघाले. ती उडी साधारण 1970 च्या आसपासची, आणि मूळ पोलंडकडचं. म्हणजे आपण पक्ष्यांकडून रोग येतो म्हणून घाबरतो, आणि इथे माणसानेच पक्ष्याला दिला! ड्रेसिंग करताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा, हे यासाठी. दोघांच्याही भल्याचं आहे.

इथे एक बाब आहे जी कळली नाही म्हणून बरीच बदकं वाया जातात. माणसाचा, गाईचा पू पातळ असतो, गळू फोडलं की वाहून जातो. पक्ष्याचा पू पातळ होत नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू विरघळवणारी सामग्री वेगळी असते, त्यामुळे आत चुन्यासारखी, पनीरसारखी घट्ट गुठळी बनते. ती दाबून निघत नाही. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून पाण्यातून दिलेलं प्रतिजैविक तिच्या आत पोचतच नाही. चार दिवस औषध दिलं, सूज जरा उतरली, बंद केलं, परत आली. ही कहाणी सगळ्यांच्या ओळखीची असेल.

आणि अर्धवट औषधाचं काय होतं हेही इतिहासात आहे. पेनिसिलिन 1928 मध्ये सापडलं, 1940 च्या दशकात सर्रास मिळू लागलं, आणि त्याच दशकात दवाखान्यांत त्याला दाद न देणारे स्टॅफायलोकोकस दिसू लागले. खुद्द फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात कमी मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. मेडिकलमधून आणलेली कॅप्सूल फोडून टोपल्यात टाकायची, ज्या बदकाला तहान लागेल ते पिईल, ही नेमकी ती कमी मात्रा. शिवाय अंड्यात औषध उतरतं ते वेगळंच. दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफेनॅकची गोळी तर अजिबात नाही. या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती आपल्या देशातून जवळजवळ संपली, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

मग करायचं काय? नुसती लाली किंवा छोटी खपली असेल, सूज नसेल, तर घरी जमतं. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट, लिटरला मोठे दोन चमचे, पाय 10-15 मिनिटं बुडवून धरायचा. ते पाणी बदकाला पिऊ द्यायचं नाही, ढाळ लागते. (एप्सम हे इंग्लंडमधलं गाव. 1618 च्या दुष्काळात तिथल्या एका डबक्याचं कडू पाणी गुरं पिईनात, पण त्याने जखमा बऱ्या होतात असं गुराख्याच्या लक्षात आलं, अशी गोष्ट सांगतात. आपण तेच मॅग्नेशियम सल्फेट पिकाला फवारतो. पण पायासाठी मेडिकलमधलं घ्या, खताच्या पिशवीतलं नको.) मग पाय कोरडा करून फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन, वर गॉज आणि सैल पट्टी. पट्टी रोज बदलायची. बदक कोरड्या, स्वच्छ पेंढ्यावर वेगळं ठेवायचं, जमलं तर एखाद्या शांत सोबत्याबरोबर, कारण एकटं बदक खाणं सोडतं. प्यायच्या भांड्यात चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढं पाणी हवंच, पण डबक्यात पोहायला सोडायचं नाही. हळद लावायला माझी हरकत नाही, फक्त हळदीने आतली गाठ निघत नाही.

तळवा फुगून गोल झाला असेल, सूज बोटांत किंवा घोट्यात चढली असेल, बदक पाय टेकतच नसेल, तर गाडी काढा आणि पशुवैद्याकडे जा. गाठ भूल देऊन काढावी लागते, आणि कोणतं प्रतिजैविक, किती दिवस, अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांनीच सांगायचं. ब्लेडने घरी कापून गाठ काढल्याचे व्हिडिओ फिरतात. त्या तळव्यात शिरा आणि स्नायूबंध किती जवळ असतात ते व्हिडिओत दिसत नाही, आणि पक्ष्याला किती दुखतं तेही नाही. पिल्लं लंगडत असतील आणि तळवा साफ असेल तर कारण बहुधा दुसरं. बदकाच्या पिल्लाला नायसिन कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर पाय वाकडे होतात.

जमिनीचं मात्र सगळं आपल्याच हातात आहे. कोबा असेल तर वर चार बोटं भाताचा तूस किंवा पेंढा, आणि ओला झालेला भाग रोज उचलायचा. बुरशी आलेला पेंढा नको, त्याने फुप्फुसं जातात. पाण्याचं भांडं खुराड्याच्या बाहेर, उताराच्या जागी, खाली गोठ्यातल्या रबर मॅटचा तुकडा. बदकं तिथेच पाणी उडवतात, तिथेच उभी राहतात, आणि बहुतेक फोड तिथेच तयार होतात. दाराशी उंबरा उंच असेल तर फळीचा उतार. तारेचे तुकडे, काटक्या, फुटक्या कौलांच्या कपच्या वेचून टाकायच्या. हिरवा पाला खायला असू द्या, अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी लवकर बिघडते. आणि पंधरा दिवसांनी एकदा, संध्याकाळी आत घेताना, टॉर्च लावून प्रत्येकाचे दोन्ही तळवे.

राहिला कोलुमेल्लाचा गवताचा पट्टा. 20 फूट आपल्याला कुठून परवडणार, पाच-सहा फूट मिळाले तरी पुष्कळ. हरळी चांगली, तुडवली तरी मरत नाही. पट्ट्याचे दोन भाग करून मधे जाळी मारायची, एक भाग वापरात, एक विश्रांतीला. पहिल्या पावसात मुळ्या टोचल्या तर दिवाळीपर्यंत जमीन धरते, तोवर त्या भागात बदकं सोडायची नाहीत.