पाटा, शॉकअप आणि रिकामा हौदा

१९२५ च्या एप्रिलमध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीचा एक नवा अवतार विकायला काढला. पुढे दोन माणसांची बैठक, मागे छोटा हौदा, हौद्याला हवं तसं लावता येणारं फाळकं. किंमत २८१ डॉलर. त्याआधी अमेरिकेतले शेतकरी गाडीचा मागचा भाग कापून तिथे सुताराकडून पेटारा ठोकून घेत, आता तेच काम कारखान्यातून होऊन येऊ लागलं. पण कारखान्याने हौद्याबरोबर आणखी एक बदल केला होता, तो वरून दिसत नव्हता. मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, नेहमीपेक्षा दणकट घातले होते. म्हणजे फोर्डचा हा पहिला पिकअप ही मुळातच पाटे बदललेली मोटारगाडी होती, आणि पिकअपवाल्याची कधीही न संपणारी तक्रार त्या दणकट पाट्यांबरोबरच जन्माला आली: माल भरला की गाडी छान बसते, रिकामी असली की उडते.

तक्रारीमागचं गणित सोपं आहे. वजनाखाली पाटा जितका जास्त दबतो, तितके त्याचे हेलकावे संथ. २५ सेंटिमीटर दबला तर सेकंदाला एक हेलकावा, जेमतेम ६ सेंटिमीटर दबला तर दोन. अंगाला सुखाचे वाटतात ते सेकंदाला एक ते दीडच्या आसपासचे. आता मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचा भार ६०० किलो आणि टनभर माल चढवल्यावर १६०० किलो धरू. भरलेली गाडी सेकंदाला सव्वा वेळा हलत असेल, तर तीच गाडी माल उतरवल्यावर दोन वेळा हलते. पाट्यात दोष नसतो. तो सोळाशे किलोंसाठी घडवलेला असतो आणि परतीच्या वाटेवर त्याला सहाशेच मिळतात, इतकंच.

या पाट्याचं मूळ शोधत मागे गेलं की लंडनच्या प्लेगच्या वर्षात पोचायला होतं. १ मे १६६५ रोजी रॉयल सोसायटीची काही विद्वान मंडळी शहराबाहेर कर्नल ब्लंट नावाच्या गृहस्थांकडे जेवायला गेली. बेत नुसता जेवणाचा नव्हता. घोडागाडीचे धक्के कमी कसे करावेत याचे प्रयोग तिथे मांडले होते. रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स त्या दिवशी बरोबर होता, म्हणूनच आपल्याला हे कळतं. त्याने रोजनिशीत टिपून ठेवलंय की एका गाडीचा सगळा सांगाडा एकाच लांब स्प्रिंगवर ठेवला होता, सगळे एकामागून एक तिच्यात बसून आले आणि ती फार सुखाची वाटली. त्या मंडळींत रॉबर्ट हूकही होता. स्प्रिंगवर जेवढा जोर तेवढा तिचा ताण, हा त्याचा नियम छापून यायला पुढे १६७८ उजाडलं. नियम आधी सुचला की गाडीत बसून अंगाला जाणवला, हे पीप्स सांगत नाही. मला मात्र तो ब्लंटसाहेबांच्या अंगणात अंकुरला असावा असं मानायला आवडतं.

तरीही पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं बहुतेक गाड्या कातडी पट्ट्यांवर टांगलेल्याच राहिल्या. ही घडी मोडली ती लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या ओबडाया एलियट या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने, १८०४-०५ च्या सुमारास. त्याने पोलादी पाट्यांच्या चळती एकमेकींसमोर उलट्या जोडल्या, त्यांचा लंबगोल केला आणि गाडीची पेटी थेट त्यांवर बसवली. कारागिरीची खरी मेख पुढे आहे. तोवर पुढचा आणि मागचा आस एकत्र धरून ठेवायला गाडीखालून एक जड लाकडी दांडा जात असे. एलियटने तो काढूनच टाकला, कारण त्याचे पाटे वजनही पेलत होते आणि आसही जागच्या जागी धरत होते. गाड्या हलक्या झाल्या, बुटक्या झाल्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांखाली दिसायच्या त्या कमानी याच घराण्यातल्या.

पाटा तिसरंही एक काम गुपचूप करतो. चळतीतले पाटे दबताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात हेलकावा विरतो. वजन पेलायचं, आस धरायचा, हेलकावा मारायचा. या तीन कामांतलं तिसरं पाट्याच्या हातून सर्वांत आधी काढून घेतलं गेलं, कारण ते तो फार वाईट करतो. गंजले की पाटे एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि लहान खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा वर पाठवतात. ग्रीस लावलं की इतके मोकळे होतात की गाडी झुलतच राहते. मोटारीचा वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटरवर गेल्यावर हे कोणाला परवडणार?

शॉकअपचा जन्म इथला. त्यातली गंमत अशी की तो गाडी बनवणाऱ्यांकडून आलाच नाही. फ्रान्समध्ये ट्रुफो नावाच्या गृहस्थाने कात्रीसारख्या दोन दांड्या आणि त्यांच्या सांध्यात दाबून बसवलेल्या चकत्या असं एक साधन केलं. सांध्याचा नट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने त्याचे हक्क घेऊन १९०४ च्या सुमारास ते बनवायला सुरुवात केली. गाडी घ्यायची आणि वर हे आपल्या खर्चाने लावून घ्यायचं, असा व्यवहार होता. आज दुकानात ‘अपग्रेड किट’ म्हणून जे विकलं जातं त्याचा हा खापरपणजोबा.

दुसरा खापरपणजोबा क्लीव्हलंडचा. क्लॉड फॉस्टर हा मोटारीचे भोंगे करायचा, देवदूत गॅब्रिएलच्या तुतारीवरून त्यांना गॅब्रिएल हेच नाव दिलेलं. पुढे त्याने ‘स्नबर’ काढला. स्प्रिंग दबली तर दबू द्यायची, पण उसळी मारून वर येताना तिला पट्ट्याने आवरायचं. त्यावर त्याने अफाट पैसा कमावला आणि म्हातारपणी बहुतेक सगळा शहरातल्या धर्मादाय संस्थांना वाटून टाकला. भोंग्याचं ते नाव पुढे मुंबईलाही आलं. १९६१ मध्ये सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाच्या शॉकअपवर ते आजही असतं.

चकत्यांचा मूळ दोष मात्र पाट्यांच्या घर्षणासारखाच होता. हलायला लागेपर्यंत अडून बसायचं आणि एकदा हललं की ढिलं पडायचं. तेल याच्या अगदी उलट वागतं. बारीक छिद्रातून हळू ढकललं तर सहज जातं, जोरात ढकललं तर अडवतं. म्हणून तेलाचे शॉकअप आले आणि त्यांनी चकत्यांना हुसकावलं.

आता राहिला पुढच्या आणि मागच्या चाकांचा मेळ. रोल्स-रॉइसमधून १९३० मध्ये कॅडिलॅककडे आलेल्या मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनिअरने पुढेमागे वजनं सरकवता येतील अशी एक गाडीच करून घेतली आणि माणसं बसवून बसवून पाहिलं. त्याला आढळलं की पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला क्षणभराने. मागचं टोक थोडं जलद हललं तर पुढच्याला गाठतं आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे न डुलता सपाट हलते. तोवर सगळे उलटंच करत होते. १९३४ पासून जनरल मोटर्सच्या मोटारींना पुढे मऊ, सुटं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र हलू देणारं सस्पेन्शन मिळालं.

पिकअपच्या वाट्याला ते यायला पाव शतक लागलं. माल वाहणाऱ्याच्या बुडाची काळजी कोण करतो! १९६० मध्ये शेवरोलेने अर्ध्या टनाच्या पिकअपला पुढे सुटी चाकं दिली आणि मागे पाटे काढून लांब दांड्यांवर गुंडाळी स्प्रिंग बसवली. चालवायला तो अगदी मोटारीसारखा. ती लांब दांड्यांची मांडणी पुढे नॅसकारच्या शर्यतीच्या गाड्यांनी उचलली. पण १९७३ च्या नव्या पिकअपला शेवरोलेने मागे पुन्हा पाटेच घातले. गुंडाळी स्प्रिंग फक्त वजन पेलते. आस धरायला वेगळ्या दांड्या लागतात, हेलकावा मारायला वेगळा शॉकअप. पाट्याला दोन टोकं चेसिसला आणि मधे दोन यू-बोल्ट इतकं पुरतं, आणि तो भार चेसिसवर दोन ठिकाणी वाटून देतो. हौद्यात काय पडेल याचा भरवसा नसलेल्या गाडीला हे फार सोयीचं.

त्यामुळे बाकीच्या सुधारणा पाटा न हलवता त्याच्याभोवती झाल्या. फ्रान्सच्या द कार्बों या इंजिनिअरने शॉकअपच्या नळीत तेलामागे दाबाखालचा वायू भरला आणि दोन्हींच्या मधे तरंगती चकती ठेवली. खडबडीत रस्त्यावर तासभर पळाल्यावर तेलाला फेस येतो आणि शॉकअप मरतो, तो फेस यामुळे थांबला. जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५० च्या दशकात ती पद्धत कारखान्यात आणली. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात तिहुआना ते ला पास अशी शर्यत सुरू झाली आणि तिथे शॉकअपचे अक्षरशः हाल झाले. जाड नळ्या, बाजूला तेलाचा वेगळा डबा, दट्ट्या जितका खोल जाईल तितकी कमी होत जाणारी छिद्रं, हे सगळं तिथल्या धुळीतून आलं. २०१० च्या फोर्ड रॅप्टर पिकअपला फॉक्स कंपनीचे असे शॉकअप कारखान्यातूनच मिळाले. मागे अजून पाटेच होते, ते गेले २०२१ मध्ये.

आपल्याकडे पिकअपचे पाटे बदलतात ते बहुधा उलट्या कारणाने. छोटा हत्ती असो वा बोलेरो पिकअप, कांदा-टोमॅटोच्या हंगामात जादा पाटा टाकून घेतला जातो. गाडी उंच उभी राहते, मालकाला समाधान वाटतं आणि उरलेलं वर्षभर रिकामी गाडी दगडासारखी आपटते. कडक पाट्याची उसळी जुन्या शॉकअपला आवरत नाही, म्हणून वळणावर खड्डा आला की मागचं चाक रस्ता सोडून बाजूला सरकतं. माझ्या मते पैसे घालायचा क्रम असा असावा: आधी पाट्यांच्या टोकांचे बुश, कारण ते झिजले की आस जागेवर राहत नाही आणि स्टिअरिंग भटकतं. मग चांगला शॉकअप. त्यानंतरच पाटा. आणि तोही चळतीत भर घालणारा नको, भार आल्यावरच टेकणारा मदतनीस पाटा हवा, म्हणजे रिकाम्या गाडीला त्याचा जाच होत नाही. हल्लीच्या पॅराबोलिक पाट्यांत तर पाती मोजकीच, मधे जाड नि टोकांना निमुळती असतात. एकमेकांना फारशी न घासता ती मऊ चालतात, पण घर्षण गेल्यामुळे सगळी मदार शॉकअपवर येते. तो मेला असेल तर असे पाटे बसवून उपयोग नाही.

वळणावर गाडी फार कलत असेल तर आडवी दांडी. डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणारी ही दांडी कॅनडातल्या फ्रेडरिक्टनच्या स्टीफन कोलमनच्या १९१९ च्या पेटंटपासून चालत आली आहे. अनेक पिकअपना ती पुढेच असते. मागे बसवली तर फरक पडतो, पण दोन्ही चाकं वेगवेगळ्या खड्ड्यांत जातात अशा शेतरस्त्यावर ती थोडी त्रासही देते.

आणि पाटा कितीही घाला, ॲक्सल, ब्रेक आणि टायर मूळचेच राहतात. आरसीवर छापलेला वजनाचा आकडा त्यांच्याकडे बघून ठरलेला असतो, पाट्यांच्या संख्येकडे बघून नव्हे.