आयरीन व्हॅन डाईक : दोन जर्सी, २१७ सामने

आज नेटबॉल. स्किप करू नका, थांबा जरा.

लांबून हा खेळ बास्केटबॉलसारखा दिसतो, पण नियम भलतेच कडक आहेत. चेंडू टप्पे पाडत पळता येत नाही. हातात आला की तीन सेकंदांत पास द्यायचा, नाहीतर गोल मारायचा. सात खेळाडूंपैकी गोल फक्त दोघीच करू शकतात, तेही गोल सर्कलच्या आतून. रिंग दहा फुटांवर, आणि तिच्यामागे बोर्ड नाही! म्हणजे आपटून आत गेला, असं नशीब इथे चालत नाही. समोरची बचावपटू थोड्याच अंतरावर हात उंचावून उभी असते. माझ्या मते हे फ्री थ्रोपेक्षा कितीतरी अवघड काम आहे. आयरीन व्हॅन डाईक हे काम दहापैकी नऊ वेळा बिनचूक करायची.

आयरीनचा जन्म १९७२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या फेरीनिखिंगचा. उंची सव्वासहा फूट, पेशाने शिक्षिका. वर्णभेदामुळे तिच्या देशावर खेळांत बहिष्कार होता. १९६७ नंतर त्यांचा नेटबॉल संघ जागतिक स्पर्धेत दिसला तो थेट १९९५ मध्ये, बर्मिंगहॅमला. त्या वर्षीचा रग्बी वर्ल्डकप ‘इन्व्हिक्टस’ सिनेमामुळे आपल्याला माहीत आहे. नेटबॉलच्या मुलींवर कुणी सिनेमा काढला नाही, पण त्यांनी न्यूझीलंडला ५९-५७ असं हरवून थेट फायनल गाठली. तिथे ऑस्ट्रेलियाने त्यांना हरवलं, तरी इतक्या वर्षांनी परतलेल्या संघासाठी रौप्यपदक म्हणजे केवढी मोठी गोष्ट! आणि आयरीन त्या संघात होती.

आता ट्विस्ट. दक्षिण आफ्रिकेकडून ७२ सामने खेळून झाल्यावर, २००० मध्ये ती नवरा आणि लहान मुलीसह न्यूझीलंडला गेली. त्याच वर्षी ती न्यूझीलंडच्या संघातून, म्हणजे ‘सिल्व्हर फर्न्स’कडून खेळायलाही लागली. आपल्याला कंपनी बदलताना सुद्धा नोटीस पिरियड असतो राव! पाच वर्षांपूर्वी जिच्या संघाने आपल्याला फायनलबाहेर काढलं, तीच आता आपली मुख्य गोलशूटर. तिकडच्या चाहत्यांना हे पचायला वेळ लागला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. आणि दक्षिण आफ्रिकेचं काय? इतक्या वर्षांनी उभा राहिलेला संघ, आणि त्याची सगळ्यात मोठी खेळाडू निघून गेली. मला विचाराल तर तो देश बदलण्याचा हक्क तिचा होता, आणि वाईट वाटण्याचा हक्क मागे राहिलेल्यांचा.

न्यूझीलंडलाही तिची गरज होती. १९९९ ची फायनल ते घरच्या मैदानावर, ख्राइस्टचर्चला, एका गोलने हरले होते, ४१-४२. १९८७ नंतर एकट्याने जिंकलेलं विजेतेपद नव्हतं. २००२ च्या मँचेस्टर कॉमनवेल्थमध्येही तेच. नेटबॉलमध्ये जादा वेळेतही बरोबरी राहिली, तर कुणीतरी दोन गोलांनी पुढे जाईपर्यंत खेळ चालूच राहतो. त्या नियमाने ऑस्ट्रेलिया ५७-५५ जिंकली. पुढच्याच वर्षी किंग्स्टनला मात्र न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला ४९-४७ हरवलं. सोळा वर्षांनी वर्ल्ड चॅम्पियन! २००६ ला मेलबर्नमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्याच घरी, कॉमनवेल्थ सुवर्ण.

आणि मग आपली दिल्ली. १४ ऑक्टोबर २०१०, कॉमनवेल्थचा शेवटचा दिवस. आपण सगळे सायना नेहवालच्या सुवर्णपदकात अडकलो होतो, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच दिवशी, त्याच शहरात, त्यागराज स्टेडियममध्ये न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाची फायनल संपता संपत नव्हती. साठ मिनिटं झाली, बरोबरी. जादा वेळ झाला, तरी बरोबरी. पुन्हा तोच दोन गोलांचा नियम! आयरीन तेव्हा ३८ वर्षांची. शेवटचा गोल मात्र तिचा नाही, तिच्या जोडीदार मारिया टुटायाचा. ६६-६४, सुवर्ण न्यूझीलंडला. सामन्याचे हायलाइट्स मिळाले तर शेवटची काही मिनिटं नक्की बघा.

पुढच्या वर्षी सिंगापूरला वर्ल्डकप फायनल जादा वेळेत ५७-५८ अशी गेली. २०१२ मध्ये वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिकने एएनझेड चॅम्पियनशिप जिंकली. ती स्पर्धा जिंकणारा न्यूझीलंडचा पहिला क्लब, आणि संघात चाळिशीची आयरीन. २०१४ मध्ये तिने आंतरराष्ट्रीय नेटबॉल सोडलं. हिशोब असा : ७२ सामने एका देशाकडून, १४५ दुसऱ्याकडून.