चढावर गाडी मागे का येते?

गेल्या महिन्यातली गोष्ट. अल थुमामातल्या एका इमारतीच्या बेसमेंट पार्किंगमधून आम्ही वर येत होतो. गाडी ऑटोमॅटिक, गिअर 'डी'वर. तोंडाशी रहदारी होती म्हणून चढावरच थांबलो. बोलण्याच्या नादात ब्रेकवरचा पाय सैल झाला आणि गाडी चक्क मागे येऊ लागली! मागे मुले सायकली घेऊन उभी होती. ब्रेक वेळेवर लागला म्हणून निभावले.

घरी आल्यावर आठवला तो आपला बोरघाट. कतारचा सर्वांत उंच भाग जेमतेम १०३ मीटर, त्यामुळे इथे चढाची सवयच मोडते. आपल्या पूर्वजांना मात्र चढाने चांगलेच धडे दिले आहेत.

बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. सुमारे पंचवीस किलोमीटरमध्ये १८३१ फूट चढायचे, २५ बोगदे, आणि चढ ३७ फुटांना एक फूट. हजारो मजुरांनी हे काम केले, त्यातले कितीतरी साथीच्या रोगांत गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली वारल्यावर त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. खंडाळ्याजवळ 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. तिथे इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून गाडी उलट दिशेने पुढे नेत. १८६९ साली घाट उतरणारी गाडी आवरली नाही आणि याच ठिकाणी भीषण अपघात झाला. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर हे स्टेशन बंद पडले.

घाटाने दोन गोष्टी शिकवल्या. चढताना अनेक गाड्यांना कर्जतला मागून इंजिने लावतात. (तेवढ्या वेळात आपण बटाटेवडे घेतो!) ही इंजिने जोर तर देतातच, शिवाय मधली जोडणी तुटली तर डबे मागे घसरू देत नाहीत. उतरताना त्याहून कडक नियम. वाटेत चढावर नेणारा एक फाटा असतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधे एरवी त्या फाट्याकडेच लावलेले असतात. गाडीने आधी थांबून दाखवायचे, मगच मुख्य रस्ता मिळतो. न थांबणारी गाडी फाट्यावर चढून आपोआप थांबते. म्हणजे भरवसा ड्रायव्हरच्या शब्दावर नाही, प्रत्यक्ष थांबण्यावर.

आता आपल्या गाडीकडे येऊ. जर्मन इंजिनिअर हर्मान फ्योटिंगर याने १९०५ साली जहाजांसाठी तेलातून शक्ती पोहोचवण्याची युक्ती काढली. तीच पुढे मोटारीत आली. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत जनरल मोटर्सने 'हायड्रामॅटिक' गिअर दिला आणि क्लच सुटला. पण यात इंजिन आणि चाके यांच्यामध्ये आहे ते तेल. इंजिन नुसते चालू असताना ते तेल चाकांना थोडासाच रेटा देते. सपाटीवर तेवढ्याने गाडी सरकते. चढावर मात्र हिशोब पाहा. दीड हजार किलोची गाडी बोरघाटाच्या रुळांवर ठेवली तर सुमारे ४० किलोच्या ओढीने मागे खेचली जाईल. आठास एक अशा रॅम्पवर हीच ओढ १८५ किलोच्या वर जाते. रेटा कमी पडला की गाडी मागे येणारच. त्यात गाडीचा दोष नाही, आणि 'डी' म्हणजे ब्रेक नव्हे.

उपाय साधा आहे. चढावर थांबताना पाय ब्रेकवर घट्ट. जास्त वेळ थांबायचे तर हँडब्रेक ओढावा, आणि अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नये, त्याने तेल तापते. नव्या गाड्यांतली 'हिल असिस्ट' ही सोय काही क्षणच ब्रेक धरते. तिच्यावर विसंबून पाय काढू नये. पार्क करताना हँडब्रेक आधी, 'पी' नंतर.

या सुट्टीत भाड्याची गाडी घेऊन कुणी खंडाळ्याला निघाले तर कॅच सायडिंगचा नियम आठवावा : आधी थांबून दाखवायचे, मग पुढे. आणि मुलांना आजच सांगून ठेवूया, रॅम्पवरच्या गाडीमागे कधीही उभे राहायचे नाही.