काठरस्त्यांचे पादचारीकरण

नदी, तलाव किंवा समुद्र यांच्या काठावरील रस्ता मोटारी व पार्किंगसाठी बंद करून तो चालणाऱ्यांसाठी राखून ठेवण्याच्या नगररचनेतील उपायाला काठरस्त्याचे पादचारीकरण म्हणतात. ही बंदी कायमची किंवा ठरावीक दिवशी व वेळेपुरती असते. रुग्णवाहिका व अग्निशामक वाहनांना सहसा मुभा दिली जाते.

पार्श्वभूमी

एक मोटार उभी करण्यास साधारणतः २.५ मीटर रुंद व ५ मीटर लांब, म्हणजे १२.५ चौरस मीटर जागा लागते. रस्त्याच्या एका कडेला मोटारींची रांग लागली की एका प्रशस्त पदपथाएवढी पट्टी व्यापली जाते. रस्त्यावरील जागेचे वाटप वाहनांपेक्षा माणसांचा विचार करून व्हावे आणि पार्किंगचे शुल्क जमिनीच्या मूल्याशी सुसंगत असावे, अशी भूमिका भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात घेतलेली आहे.

पॅरिसचे उदाहरण

पॅरिसमध्ये सीन नदीच्या उजव्या काठावर १९६७ मध्ये द्रुतगती मार्ग सुरू झाला. २००२ पासून उन्हाळ्यात तो काही आठवडे बंद ठेवला जाऊ लागला. डावा काठ २०१३ मध्ये, तर उजव्या काठाचा सुमारे ३.३ किलोमीटरचा भाग २०१६ मध्ये पादचाऱ्यांसाठी खुला झाला. परिणामांच्या अभ्यासातील त्रुटींमुळे प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये उजव्या काठाचा निर्णय रद्द केला. त्यानंतर महापालिकेने नदीकाठच्या वारशाच्या संरक्षणाचा आधार घेऊन नवा आदेश काढला. तो त्याच वर्षी न्यायालयात टिकला.

महाराष्ट्र

मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये 'संडे स्ट्रीट' उपक्रम सुरू केला. रविवारी सकाळी वाहनांसाठी बंद ठेवलेल्या रस्त्यांत वांद्र्याच्या समुद्रकाठच्या कार्टर रोडचा समावेश होता. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग 'पादचारी दिना'निमित्त वाहनमुक्त ठेवण्यात आला. हा रस्ता मात्र काठरस्ता नसून बाजारपेठेचा आहे.

पिंपरी-चिंचवड

पवना नदी शहरामधून वाहते, तर इंद्रायणी उत्तरेच्या आणि मुळा दक्षिणेच्या बाजूने वाहते. केंद्र शासनाच्या 'स्ट्रीट्स फॉर पीपल' स्पर्धेच्या पथदर्शी टप्प्यातील ११ विजेत्या शहरांत पिंपरी-चिंचवडचा समावेश होता. महापालिकेने २०२१ मध्ये काही प्रमुख रस्त्यांवर सशुल्क पार्किंग सुरू केले.

येथील काठरस्त्यांचा विचार पूररेषेशी निगडित आहे. पवना धरणातून विसर्ग वाढल्यास काठचा सखल भाग पाण्याखाली जातो. निळ्या पूररेषेच्या आत उद्याने व मैदाने यांसारखे मोकळे वापर चालतात, इमारती चालत नाहीत. त्यामुळे काठावरून हटवलेल्या पार्किंगसाठी बहुमजली वाहनतळ तेथेच बांधता येत नाही. ती सोय पूररेषेबाहेर करावी लागते.

आक्षेप

ग्राहक घटतील, मालाची चढउतार अडेल आणि वाहने शेजारच्या गल्ल्यांत उभी राहतील, असे आक्षेप व्यापारी व रहिवासी घेतात. चिंचवडच्या पवनाकाठी असलेल्या मोरया गोसावी मंदिरासारख्या ठिकाणी वृद्ध व अपंग भाविकांना वाहनाने जवळ पोहोचता येणे आवश्यक असते. औद्योगिक पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करणारे अनेक कामगार दुचाकीवर अवलंबून असल्याने बसची वारंवारताही महत्त्वाची ठरते. यासाठी मालवाहतुकीच्या वेळा ठरवणे, अपंगांसाठी राखीव जागा ठेवणे आणि कायमच्या बंदीपूर्वी प्रायोगिक बंदी करून आजूबाजूच्या रस्त्यांवरील वाहतूक मोजणे, हे उपाय योजले जातात.