तोतयाची तबकडी

पानिपतानंतर उद्भवलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. इंग्रजी रॉक संगीताच्या इतिहासांतही असा एक तोतया होऊन गेला. आणि नवल असें कीं, तो पुढें खरा ठरला.

१९८७ सालीं इंग्लंडांतील स्टीव्हन विल्सन या तरुणानें एका मित्राच्या साहाय्यानें 'पॉर्क्युपाइन ट्री' नांवाचा वाद्यवृंद निर्माण केला; निर्माण केला म्हणण्यापेक्षां कल्पिला म्हणणें अधिक यथार्थ होईल. १९७० नंतरच्या दशकांत एका रॉक महोत्सवांत ही मंडळी एकत्र आली, कित्येकदां तुरुंगाची हवा खाऊन आली, अमुक अमुक तबकड्या त्यांनीं काढल्या, अशी सारी बखर या दोघांनीं गमतीखातर रचली. बखर झाली म्हणजे पुरावा हवाच! तो विल्सननें जुन्या वळणाचें तासन्‌तास संगीत स्वतःच ध्वनिमुद्रित करून सिद्ध केला.

हें जुनें वळण म्हणजे १९६७ च्या सुमारास बहरास आलेलें 'सायकेडेलिक' रॉक. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडावी, स्वर लांबवर तरंगत ठेवावा, प्रतिध्वनींचे थर चढवून श्रोत्याचें देशकालाचें भान हरपवावें, ही त्याची हौस. एल्‌एस्‌डीसारख्या द्रव्यांशीं तिचें नातें होतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. याच हौसेला पुढें विस्तृत रचनेची शिस्त लागली, तेव्हां 'प्रोग्रेसिव्ह' हें नांव रूढ झालें. पिंक फ्लॉइड या वृंदानें दोन्ही अवस्था पाहिल्या. विल्सनचा जन्मच १९६७ चा. ज्या युगाचा वारसा त्यानें सांगितला, त्या युगांत तो केवळ बालक होता.

१९९५ सालीं 'द स्काय मूव्ह्‌ज साइडवेज' ही पॉर्क्युपाइन ट्रीची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तोंवर कल्पित वृंदाच्या जागीं चार हाडामांसाचे वादक आले होते. शीर्षकगीत पस्तीस मिनिटांचें. त्याचे दोन खंड करून एक आरंभीं व एक शेवटीं ठेवला आहे, आणि इतर रचना मध्यें गोंविल्या आहेत. ही मांडणी पाहतांच जाणकारांस पिंक फ्लॉइडची १९७५ ची 'विश यू वेअर हिअर' आठवली, आणि नकलेचा आरोप झाला. तो सर्वस्वीं खोटा म्हणतां येणार नाहीं.

परंतु त्या मूळ कृतीला दोन खंडांत कां विभागावें लागलें, हें पाहूं लागलें म्हणजे दोहोंतील अंतर कळतें. तिच्या केंद्रस्थानीं एक गैरहजर मनुष्य आहे. सिड बॅरेट हा पिंक फ्लॉइडचा पहिला नायक; मन ढळल्यामुळें १९६८ मध्यें तो वृंदाबाहेर पडला. १९७५ च्या जूनमध्यें त्याच्याविषयींच्याच गीताचें काम लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओंत चालू असतां एक स्थूल, मुंडन केलेला, भिवयाही काढलेला गृहस्थ आंत आला. तो बॅरेटच होता. जुन्या सोबत्यांनीं त्यास प्रथम ओळखलें नाहीं. आपल्याकडे तोतयास खरा मानणारे पुष्कळ निघाले. येथें खराच अनोळखी ठरला! ज्याच्या विरहाचें गीत, तोच दाराशीं परका होऊन उभा. त्या रचनेंतील लांबलचक विराम या दुःखानें भरलेले आहेत.

विल्सनच्या तबकडींत असें दुःख नाहीं. विस्तार आहे, कांहीं ठिकाणीं विलक्षण सुंदर आहे. पण आकाश रिकामें आहे. आकार उसना मिळतो, त्यामागचें कारण मिळत नाहीं. मात्र 'मूनलूप' ही त्यांतील रचना मी निराळी काढीन. वादकांनीं उत्स्फूर्तपणें वाजवितां वाजवितां ती घडली, आणि रिचर्ड बार्बिएरीच्या सिंथेसायझरचे अस्फुट रंग तीत कोणाच्या परवानगीवांचून पसरतात. तेथें तोतया स्वतःच्या आवाजांत बोलूं लागतो.

२००२ च्या 'इन अब्सेन्शिया'पर्यंत तो आवाज इतका कणखर झाला कीं, नकलेचा आरोप निरर्थक ठरला. पुढें याच विल्सनकडे जुन्या मंडळींनीं आपलें मूळ ध्वनिमुद्रण नव्यानें सिद्ध करण्यासाठीं सोंपविलें. जुन्या पोथीचे पाठ शुद्ध करावेत, त्या निष्ठेनें त्यानें किंग क्रिम्सन, जेथ्रो टल, येस यांच्या कृती हाताळल्या. ऑक्टोबर १९७१ मध्यें पिंक फ्लॉइडनें पाँपेईच्या प्राचीन रंगमंडलांत, एकही प्रेक्षक समोर नसतां, केलेलें वादन २०२५ मध्यें पुन्हा प्रसिद्ध झालें. तें ध्वनिसंस्करणही विल्सनचेंच. मूळ वादन झालें तेव्हां तो पुरा चार वर्षांचाही नव्हता.